गंगाखेडपासून राजधानी किती लांब?

परवा शनिवारी बसल्या बसल्या एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दोन गावांचे अक्षांश-रेखांश द्यायचे, पृथ्वीची गोलाई धरून तो हवाई अंतर काढतो. पहिलं नाव टाकलं गंगाखेड. होय, गोदाकाठचं, जनाबाईंचं गंगाखेड. दुसरं मुंबई. उत्तर आलं साधारण ४१० किलोमीटर. गंमत म्हणजे दोन्ही गावं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. म्हणजे मुंबई अगदी नाकासमोर, पश्चिमेला.

मग सहज हैदराबाद टाकलं. २५५!

हा आकडा बघून थांबलोच. कारण एकेकाळी गंगाखेडची राजधानी हैदराबादच होती. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं संस्थान, नंतर हैदराबाद राज्य. हायकोर्ट तिथं, उस्मानिया विद्यापीठही तिथंच. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, परभणी जिल्हा मुंबई राज्यात आला आणि राजधानी एका रात्रीत दीडशे किलोमीटर लांब गेली. भाषेनं जवळ, अंतरानं लांब! मराठी राज्य लोकांना हवंच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण कोर्टाची तारीख असणाऱ्याला अंतर चुकत नाही. १९५८ ला औरंगाबादला विद्यापीठ आलं. हायकोर्टाचं खंडपीठ यायला मात्र १९८१ उजाडलं.

आता विमानाकडे येऊ. निजाम सरकार आणि टाटांच्या भागीदारीतली डेक्कन एअरवेज १९४५ ला निघाली. मुक्काम बेगमपेट, विमानं डाकोटा. डाकोटाचा वेग ताशी ३०० च्या आसपास, म्हणजे गंगाखेड-हैदराबाद तासाच्या आत. अर्थात हे कागदावर, गंगाखेडला उतरायला जागा कुठे होती? १९५३ ला राष्ट्रीयीकरण होऊन कंपनी इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

२७ एप्रिल २०१७ ला 'उडान' योजना सुरू झाली. पहिल्याच दिवशीच्या मोजक्या मार्गांत एक होता नांदेड-हैदराबाद. अंतर सुमारे २४५ किलोमीटर. एटीआर विमानाच्या वेगानं अर्धा तास, पण धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं धरलं की वेळापत्रकात तासभर लागतो. साठ वर्षांनी योजनेचं पहिलं विमान जुन्या राजधानीकडेच गेलं म्हणा ना! मुंबईचा मार्ग नंतर आला. ती कंपनी २०२२ ला थांबली, ते असो.

बरं, गंगाखेडकराला नांदेडहून विमानानं मुंबईला जायचं असेल तर? आधी सरळ रेषेत ६५ किलोमीटर पूर्वेला, म्हणजे मुंबईकडे पाठ करून नांदेड गाठायचं. मग ४७० किलोमीटर पश्चिमेला. वाटेत विमान जवळपास आपल्याच गावावरून जाणार.

प्रोग्रॅमचं उत्तर तरीही ४१०च. त्याला काय, त्याला फक्त सरळ रेष कळते. मराठवाड्यातल्या माणसाला ती कधी मिळालीच नाही.