जिनिंगमधल्या बाया आणि कायद्याचे चार महिने

बाईने घराबाहेर पडून काम करावे का, या विषयावर आपल्या समाजात आजही व्याख्याने होतात. बोलणारे बहुतेक पुरुष असतात. शहरातल्या शिकलेल्या मुलींनी हा प्रश्न काल-परवाच उभा केला, असा त्यांचा सूर असतो. मी खानदेशात उर्दू आणि मराठी शिकवते. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आया मजुरीला जातात, त्यांच्या आज्याही जायच्या. आपल्या भागात हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीच मागे पडला होता. बाई काम करत होतीच. ते काम मोजायचे कोणी आणि कसे, एवढेच ठरायचे होते.

खानदेश म्हणजे कापूस. कापसातली सरकी वेगळी करण्याचे काम पूर्वी हातचरक्यावर व्हायचे आणि ते बरेचसे बायकांच्या हातचे होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि इकडच्या कापसाला भाव आला. त्याच दशकात रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत पोहोचली. मग वाफेच्या इंजिनावर चालणारी जिनिंग-प्रेसिंग उभी राहिली. सरकी काढण्याचे काम घरातून कारखान्यात गेले, तशा ते करणाऱ्या बायाही कारखान्यात गेल्या. जिनच्या फिरत्या रुळापुढे कापूस सारत राहायचे, रुई एकीकडे येते, सरकी खाली पडते. यंत्र थांबत नाही, म्हणून हातालाही थांबता येत नाही. नाकातोंडात रुईचे तंतू जातात ते वेगळेच.

या बायांचे हाल सरकारी कागदावर आले ते १८८४-८५ मध्ये. मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला होता, मुंबईचे कलेक्टर मुलॉक त्याचे अध्यक्ष होते. खानदेशातल्या जिनिंगचा कारभार माहीत असलेल्या एका साक्षीदाराने त्यापुढे जे सांगितले, ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. एरवी, म्हणजे काम फार नसतानाही, पहाटे चार-पाचला जिन सुरू व्हायची आणि रात्री सात, आठ, कधी नऊपर्यंत चालायची. कामावर सगळ्या बायाच असायच्या. मार्च-एप्रिलच्या ऐन हंगामात तर रात्रंदिवस काम चाले, आणि तेही त्याच बायांकडून. असे सलग आठ-आठ दिवस. त्यानंतर शरीर चालेनासे झाले की दुसरे मजूर आणायचे.

तुम्ही विचाराल, तेव्हा कायदा नव्हता का? होता. हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. तो सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी होता, त्यांच्याकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नव्हते. प्रौढ बाईबद्दल त्यात एक अक्षर नव्हते. त्यातही कारखान्याची व्याख्या अशी होती की यंत्रशक्ती हवी, शंभर किंवा जास्त माणसे हवीत आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक काम चालायला हवे. हंगामी जिनिंग यातून सहज सुटायची. कपाशीच्या हंगामात जिथे माणूस सर्वांत जास्त राबत होता, ती जागा कायद्याच्या लेखी कारखानाच नव्हती!

याच काळात जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र करत होते. १८८४ मध्ये त्यांनी साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार अशा त्यात मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. रविवारची सुट्टी त्याच वर्षी मिळाली. आज आपण रविवारी निवांत चहा पितो, त्याच्यामागे त्या दोघींचाही आवाज आहे. त्यांची नावे मात्र शाळेच्या पुस्तकात कोणी शिकवत नाही.

१८९१ मध्ये कायदा सुधारला. बायांसाठी दिवसाला अकरा तासांची मर्यादा आणि दीड तास विश्रांती आली. रात्रीच्या कामावर बंधन आले, पण त्याला सवलती होत्या. हे सगळे दयेपोटी झाले असे समजू नका. इथे मजूर स्वस्तात आणि कितीही तास राबतात, म्हणून आपला माल मागे पडतो, ही मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांची तक्रार होती. त्यांचा दबाव कायद्यामागे होता. इथले मालक म्हणत, हा आमचा धंदा बुडवण्याचा डाव आहे. दोघेही आपापल्या नफ्याचे बोलत होते. जिनपुढे बसलेल्या बाईला कोणी विचारले नाही.

चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे हंगामी कारखाने कायद्याखाली आले ते १९११ मध्ये. म्हणजे ती साक्ष झाल्यावर पाव शतकाहून अधिक काळाने. तरीही बायांच्या रात्रपाळीवरच्या बंदीतून जिनिंग-प्रेसिंगला सूट राहिलीच. ती गेली १९२२ च्या कायद्याने. तोवर खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे होऊनही सोळा वर्षे झाली होती.

बाळंतपणाच्या रजेचीही हीच कथा. मुंबई कायदेमंडळात जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. देशातला या विषयावरचा तो पहिला कायदा. पण लाभासाठी सलग काही महिने नोकरी झालेली असावी, अशी अट होती. हंगामातच काम मिळणाऱ्या बाईने ती कशी पुरी करायची? पुढे १९६१ च्या केंद्रीय कायद्यातही १६० दिवसांची अट होती. ती १९८८ मध्ये ८० दिवसांवर आली. अट बदलता येते, हे यातून दिसते. ती कमी व्हायला मात्र सत्तावीस वर्षे गेली.

माझे म्हणणे एवढेच आहे. आपण समानतेचा इतिहास कायद्यांच्या सालांनी शिकवतो. १९४८, १९६१, १९७६, २०१३ अशी यादी मुले पाठ करतात. पण प्रत्येक कायद्याच्या सुरुवातीला एक व्याख्या असते, आणि कोण आत, कोण बाहेर, हे तिथेच ठरते. खानदेशातल्या बाया तीस वर्षे एका 'चार महिन्यां'मुळे बाहेर राहिल्या.

आज धुळ्याच्या यंत्रमागाच्या मोहल्ल्यांत जाऊन पाहा. माग पुरुष चालवतो, कांड्या भरायला घरातली बाई बसते. तिची हजेरी कुठे लागत नाही, पगाराच्या पाकिटावर तिचे नाव नसते. तिला विचारले तर तीच म्हणते, "मैं तो घर पे ही रहती हूँ, काम नहीं करती." व्याख्या शेवटी अशी माणसाच्या तोंडात येऊन बसते. तिला प्रसूतीची २६ आठवड्यांची रजा कोण देणार? तिच्यासाठी मालकच नाही!

'रजा' हा शब्द उर्दूतही आहे, पण तिथे रज़ा म्हणजे मर्जी, संमती. सुट्टीला आम्ही रुख़्सत किंवा छुट्टी म्हणतो. मराठीने मर्जीलाच सुट्टीचा अर्थ दिला, कारण सुट्टी मालकाच्या मर्जीवरच मिळायची. कायदा करतो काय, तर या मर्जीचा हक्क करतो. 'हक्क' हा शब्द मात्र दोन्ही भाषांत एकच अर्थ घेऊन आला आहे.

शिक्षकांना एक विनंती आहे. जनगणनेचा किंवा लोकसंख्येचा धडा शिकवताना मुलांना विचारा, "तुझी आई सकाळपासून काय काय करते, आणि त्यातल्या कशाचे पैसे मिळतात?" उत्तरे फळ्यावर लिहा. "आई काही करत नाही" असे सांगणारा मुलगा यादी वाचून गप्प होईल. त्यानंतर त्याला १८८१ चा कायदा शिकवा, लगेच कळेल.