जुळणी संगणक, घरगुती

सुटे भाग वेगवेगळे विकत घेऊन, ते एका कॅबिनेटमध्ये बसवून तयार केलेला घरगुती वापराचा टेबलसंगणक. बोलीत याला ‘असेंबल्ड’ म्हणतात. कंपनीचे नाव लावून पेटीबंद येतो तो ‘ब्रँडेड’. धाराशिव जिल्ह्यात (2023 पर्यंत उस्मानाबाद), महाराष्ट्रात अन्यत्र आहे त्याप्रमाणेच, अख्ख्या कॅबिनेटला ‘सीपीयू’ म्हणण्याची रीत आहे. त्यामुळे ‘सीपीयू गेला’ या तक्रारीतून नेमके काय गेले ते कळत नाही, आणि जे गेलेले असते ते बहुधा प्रोसेसर नसतेच. प्रस्तुत नोंदीत म्हणून ‘प्रोसेसर’ हाच शब्द वापरला आहे.

अशा जुळणीत प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, साठवण, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) व कॅबिनेट हे सहा भाग अटळ असतात. मॉनिटर, कीबोर्ड व माउस वेगळे. कमी बजेटात निवडीची चर्चा प्रोसेसरभोवती फिरते. प्रत्यक्षात यंत्राचे आयुष्य ठरते ते बोर्डच्या सॉकेटवर आणि घरात येणाऱ्या विजेवर.

पूर्वपीठिका : नोव्हेंबर 1984 च्या संगणक धोरणाने आयातीवरील बंधने सैल झाली. 1997 मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाल्यावर सुट्या भागांवरील सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले, आणि पेटीबंद यंत्रापेक्षा जुळणी स्वस्त पडू लागली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग), दिल्लीचे नेहरू प्लेस आणि सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर ही या मालाची नावाजलेली ठाणी. त्या काळी मराठी हासुद्धा एक सुटा भाग होता : पडद्यावर देवनागरी आणण्यासाठी पुण्याच्या सी-डॅकचे ‘जिस्ट’ कार्ड बोर्डच्या खाचेत बसवीत. विंडोज 2000 पासून युनिकोड देवनागरी प्रणालीतच आली आणि हे कार्ड यादीतून गेले. डीटीपी करणाऱ्यांचे जुने ‘लॉक’ किंवा डोंगल मात्र पुढेही बरीच वर्षे पॅरलल पोर्ट असलेला बोर्ड मागत राहिले. 2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले. त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या गावीही संगणक केंद्रे निघाली, आणि संगणक उघडून पाहणारे, ‘विंडोज मारून देणारे’ हात जागोजागी तयार झाले.

प्रोसेसर : बाजारात इंटेल व एएमडी या दोनच कंपन्यांचा माल आहे. स्वस्त वर्गात इंटेलचे सेलेरॉन (1998 पासून), पेंटियम व 2010 पासून कोअर आय-3 ही घराणी. एएमडीचे सेम्प्रॉन, अॅथलॉन व 2017 पासून रायझन. दोहोंतले कोणते चांगले याबाबत एकमत नाही. दुकानदाराचा कल पुष्कळदा कपाटात शिल्लक असलेल्या मालावरून ठरतो, एवढे नोंदवणे पुरे.

कमी बजेटात पहिली अट ही, की प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असावे. ते नावाच्या शेवटच्या अक्षरावरून कळते आणि नेमके तेच अक्षर वाचायचे राहते. इंटेलच्या क्रमांकापुढे ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नाही : आय-3 12100 वर पडदा चालतो, 12100 एफ वर चालत नाही. एएमडीच्या एएम-4 सॉकेटवरील रायझनचे उलटे आहे. तिथे ‘जी’ असेल तरच ग्राफिक्स असते. 5600 जी स्वतःच्या बळावर चित्र दाखवतो, नुसता 5600 दाखवत नाही. ‘एफ’चा प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो म्हणून घेतला, की पुढे ग्राफिक्स कार्डाचा खर्च उभा राहतो.

गाभ्यांची संख्या (कोअर) कामाशी जुळवून पाहावी लागते. सातबारा काढणे, ऑनलाइन अर्ज, टायपिंग, व्हिडिओ पाहणे एवढ्यालाच दोन गाभ्यांचा, 35 वॅटचा अॅथलॉन 3000 जी (2019) पुरतो. पण त्याच्यावर पुढचे ओझे टाकता येत नाही. शिकणाऱ्या मुलांच्या घरात चार गाभे व आठ थ्रेड असलेला आय-3 12100 (जानेवारी 2022) किंवा सहा गाभे व बारा थ्रेडचा रायझन 5 5600 जी (2021) ही मधली पायरी. ऑटोकॅडवर काम करणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला एकेका गाभ्याचा वेग महत्त्वाचा, म्हणून आय-3. व्हिडिओ संकलन किंवा साधे खेळ असतील तर 5600 जीचे ग्राफिक्स वरचढ. यावरच्या पायरीवर जाण्याऐवजी तोच पैसा रॅम व एसएसडीवर घातल्यास फरक जास्त जाणवतो.

‘बॉक्स’ व ‘ट्रे’ हा भेद किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. बॉक्समध्ये उत्पादकाची तीन वर्षांची वॉरंटी मिळते, आणि स्वस्त प्रकारांत बहुधा पंखाही. ट्रेचा माल सुटा येतो आणि त्याची हमी विकणाऱ्याच्या शब्दाइतकीच.

मदरबोर्ड : प्रोसेसर ज्या सॉकेटात बसतो त्याच्यावर पुढची वाढ अवलंबून असते. एएम-4 वर रायझनच्या अनेक पिढ्या बसल्या. इंटेलच्या एलजीए 1700 वर बारावी, तेरावी व चौदावी पिढी चालते. स्वस्त बोर्डांत इंटेलसाठी एच 610, एएमडीसाठी ए 520 व बी 450 ही चिपसेटची नावे दिसतात. एच 610 चे बोर्ड डीडीआर-4 व डीडीआर-5 अशा दोन वेगळ्या प्रकारांत येतात. एका प्रकारची रॅम दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही, म्हणून बिलावर पूर्ण नाव लिहून घेणे इष्ट.

एएम-4 च्या जुन्या साठ्यातील बोर्डांत एक अडचण संभवते. बायोस जुने असेल तर नवा प्रोसेसर बसतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. बायोस बदलण्यासाठी आधी जुना प्रोसेसर लावावा लागतो आणि तो लहान गावातल्या दुकानात सहसा नसतो. प्रोसेसरशिवाय, पेनड्राइव्हवरून बायोस चढवण्याची सोय काही बोर्डांत असते, स्वस्तांत क्वचित.

‘एच 61’ हे नाव जुन्या मालात वारंवार भेटते. 2011 मधला हा चिपसेट इंटेलच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढीसाठी होता. अनोळखी नावांखाली याचे बोर्ड नंतरही नव्याने बनत राहिले आणि कार्यालयांतून निघालेल्या आय-3, आय-5 प्रोसेसरांशी जोडून ‘नवा सेट’ म्हणून विकले गेले. विंडोज 11 ला (ऑक्टोबर 2021) इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते आणि टीपीएम 2.0 लागते, हा संच त्यात बसत नाही. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. असा संच लिनक्सवर चालतो, आणि मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक तिथे आयताच मिळतो.

रॅम : 8 जीबीच्या दोन पट्ट्या 16 जीबीच्या एका पट्टीपेक्षा बऱ्या. आतले ग्राफिक्स रॅममधूनच जागा व वेग घेते, आणि दोन पट्ट्यांमुळे तो मार्ग दुप्पट रुंद होतो. एकीवर सुरुवात करायचीच असेल तर दुसरी खाच रिकामी असल्याची खात्री करावी. रॅमचे भाव कांद्यासारखे चढतात-उतरतात : 2025 च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी उचल केल्याने ते झपाट्याने वाढले.

साठवण : एसएसडी. साटा प्रकारची सेकंदाला सुमारे 550 एमबी देते, एनव्हीएमई तिच्या कित्येक पट. घरगुती कामात या दोघींतला फरक फारसा कळत नाही, हार्ड डिस्कपासूनचा फरक मात्र पहिल्याच दिवशी कळतो.

ग्राफिक्स कार्ड : घरगुती बजेटात सहसा येत नाही.

वीज व एसएमपीएस : जिल्ह्यातील जुळणीचा हा खरा कस आहे, आणि यादीत हाच भाग शेवटी, उरलेल्या पैशांत घेतला जातो. पुरवठा कागदोपत्री 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. शेतीपंप एकदम सुरू झाले की डीपीवरचा (रोहित्रावरचा) भार वाढून व्होल्टेज खाली येते. याउलट न्यूट्रल तुटली तर सिंगल फेजच्या घरात व्होल्टेज 300 च्या वर, प्रसंगी 400 च्या जवळ जाऊ शकते. एका रात्रीत गल्लीतले टीव्ही, फ्रिजचे बोर्ड व संगणक एकदम जातात ते बहुधा यामुळे.

कॅबिनेटबरोबर मिळणाऱ्या एसएमपीएसवर 450 किंवा 500 वॅट छापलेले असते. त्या आकड्यावर विसंबता येत नाही. आतल्या ग्राफिक्सवर चालणारा संगणक मॉनिटरसह साधारण 100 वॅटच्या आतबाहेर खेचतो, म्हणून प्रश्न वॅटचा नसून संरक्षणाचा आहे. स्वस्त सप्लायमध्ये व्होल्टेज वाढल्यास वाट अडवणारे घटक गाळलेले असतात आणि तो उडताना बोर्डलाही घेऊन जातो. ‘80 प्लस’ची खूण असलेला, अॅक्टिव्ह पीएफसीचा एसएमपीएस सामान्यतः 100 ते 240 व्होल्टवर चालतो, कमी व्होल्टेजच्या गावात त्याला वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. जुळणीत एकच भाग महाग घ्यायचा झाला तर तो हा.

600 व्हीएच्या यूपीएसमध्ये 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे 84 वॅट-तास. 100 वॅटवर हिशेबाने ती पाऊण तासाहून जास्त चालायला हवी. पण एवढ्या जोरात उपसल्यावर बॅटरी निम्मीच कामी येते आणि रूपांतरात आणखी गळती होते. प्रत्यक्षात पंधरा-वीस मिनिटे हाती येतात, तीही बॅटरी नवी असताना. घरी इन्व्हर्टर असल्यास त्याच्या मागचे बटण पाहावे. ‘यूपीएस’ मोडमध्ये बदल सुमारे 10 मिलिसेकंदांत होतो. साध्या मोडमध्ये त्याच्या काही पट वेळ जातो. एसएमपीएस पूर्ण भारावर साधारण 16 मिलिसेकंद तग धरतो, म्हणून साध्या मोडवर संगणक मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो. पण यूपीएस मोड 180 व्होल्टच्या खाली लाइन घेत नाही. जिथे संध्याकाळी व्होल्टेज त्याच्या खाली उतरते तिथे हा मोड तासन्‌तास बॅटरीच उपसत राहतो. अशा घरी इन्व्हर्टर साध्या मोडवर आणि संगणकापुरता लहान यूपीएस, ही तडजोड चालते.

कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येणे हे अर्थिंग नसल्याचे लक्षण होय. एसएमपीएसच्या गाळणीतले कपॅसिटर दोन्ही तारांतून कॅबिनेटच्या धातूकडे अल्प विद्युतप्रवाह सोडतात. अर्थिंग नसेल तर धातूवर लाइनच्या निम्मे, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास उभे राहते. प्रवाह अगदी थोडा असल्याने माणसाला इजा बहुधा होत नाही, परंतु प्रिंटर किंवा मॉनिटरची वायर जोडताना पोर्ट जळण्याची शक्यता असते. तीन पिनांचा सॉकेट भिंतीत असणे पुरेसे नाही, कारण तिसरी तार पुष्कळदा कुठेच गेलेली नसते. कोळसा व मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा काळ्या मातीत पावसाळ्यात उत्तम चालतो. उन्हाळ्यात माती भेगाळली की त्यात पाणी ओतावे लागते. वळवाच्या पावसात विजा कडाडत असताना बटण बंद करून भागत नाही, पिन काढावी लागते, इंटरनेटच्या तांब्याच्या तारेसह.

उष्णता, धूळ व कॅबिनेट : एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. प्रोसेसर 95 ते 100 अंशांच्या सुमारास स्वतःचा वेग कमी करतो. यंत्र दुपारी संथ आणि रात्री ठीक चालत असेल तर विषाणूचा संशय घेण्याआधी पंखा व पेस्ट पाहावी. 60–65 वॅटच्या प्रोसेसरला सोबतचा पंखा पुरतो, मात्र कॅबिनेटला मागे एक पंखा हवा. ज्वारी-हरभऱ्याच्या मळणीच्या दिवसांत भुसा व धूळ जाळीत बसते. दोन महिन्यांनी ब्लोअर मारणे आवश्यक, त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. मागच्या रिकाम्या खाचांच्या पट्ट्या काढून टाकू नयेत. त्या वाटेने पाली व उंदीर आत जातात, आणि बोर्ड शॉर्ट होण्याचे हे कारण कोणत्याही हमीपत्रात बसत नाही.

मॉनिटर : एचडीएमआय असलेला, नव्या स्वस्त बोर्डांवर व्हीजीए असेलच असे नाही.

खरेदी : जिल्ह्याचे आठ तालुके एकाच बाजाराकडे तोंड करून नाहीत. तुळजापूर व धाराशिवला सोलापूर जवळ, कळंबला लातूर, परंडा व भूमला बार्शी. उमरगा हैदराबाद महामार्गावर असल्याने सिकंदराबादचा माल त्याला परका नाही. ऑनलाइन भाव कमी दिसतो, पण जुळणीत काही चालले नाही तर दोष कोणत्या भागाचा हे ठरवायला दुसरा बोर्ड, दुसरी रॅम हाताशी लागते, आणि ती दुकानातच असते. सुट्या भागांवर 18 टक्के जीएसटी आहे. तो वाचवून कच्च्या बिलावर घेतलेल्या मालाची वॉरंटी सिद्ध करणे अवघड जाते. पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल क्रमांक असावा. एएम-4 च्या प्रोसेसरला पिना खालच्या बाजूने असतात, इंटेलच्या व एएमडीच्याच एएम-5 च्या पिना सॉकेटमध्ये. एसटी पार्सलने माल मागवताना एएम-4 चा प्रोसेसर बोर्डवर बसवूनच मागवल्यास पिना वाकत नाहीत, पण मग वरचा जड पंखा काढून वेगळा पाठवायला सांगावे लागते.

जुने संच : कार्यालयांतून निघालेले ब्रँडेड संच ‘रिफर्बिश’ म्हणून मिळतात आणि किमतीच्या मानाने दणकट असतात. त्यांतल्या पुष्कळांचे बोर्ड व एसएमपीएस त्या-त्या कंपनीच्या खास मापाचे, वेगळ्या जोडणीचे असतात. सप्लाय उडाला तर बाजारातला साधा एसएमपीएस त्यात बसत नाही, म्हणून घेतानाच तो कुठे मिळेल ते विचारून ठेवावे. संच आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असेल तरच विंडोज 11 साठी घ्यावा. प्रोसेसरची पिढी ‘आय-5’ या नावावरून नव्हे, पुढच्या चार किंवा पाच अंकी क्रमांकाच्या सुरुवातीवरून कळते : 3470 म्हणजे तिसरी, 8500 म्हणजे आठवी, 12400 म्हणजे बारावी.