अंगणवाडी वाटेवर हवी

1972च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची आणि धाकट्या भावाला सांभाळायला मी तिच्याबरोबर असायचे. लिंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधलेली, आजूबाजूला आणखी दहाबारा लेकरं, आणि सगळ्यांवर नजर ठेवायला हातात बळ न उरलेली एक म्हातारी. दुपारी कामावर सुकडी वाटायचे. ती आम्ही परकराच्या ओच्यात घ्यायचो. रोजगार हमीच्या नियमांत पुढे कामावरच्या लेकरांसाठी सावलीची आणि सांभाळणाऱ्या बाईची तरतूद आली. आमच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या बायांनी ती सोय त्याआधीच आपल्या आपण लावलेली होती. तिच्या पाठीशी कुणी नव्हतं, एवढंच.

अंगणवाडीचा विचार याहून जुना. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या, 1945 साली त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, आणि अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आधी न्हाऊ घालायचं, नखं कापायची, मग गाणी. पोरं स्वच्छ झालेली बघून आया दारात येऊन उभ्या राहायच्या, की त्यांच्याशी बोलणं सुरू. 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई 1973 साली वारल्या आणि 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशात 33 ठिकाणी सुरू झाली. महाराष्ट्रात पहिली नावं धारणी आणि धारावीची.

योजना आमच्या भागात आली आणि मी सेविका झाले. आमची अंगणवाडी मारुतीच्या देवळाच्या ओवरीत भरायची. इमारत नाही म्हणून बैठकीत आम्ही सगळ्या कुरकुरायचो, पण त्या ओवरीसारखी जागा मला पुन्हा मिळाली नाही. शेताची वाट तिच्यासमोरूनच जायची. खुरपायला निघालेली बाई लेकरू पायरीवर सोडायची आणि जाता जाता दोन शब्द बोलायची. परतताना डोक्यावरचा भारा कट्ट्याला टेकवून बसायची. दूध कमी येतंय, सासू चीक पिळून टाक म्हणते, दिवस गेलेत पण घरात अजून सांगितलं नाही, हे सगळं त्या पायरीवर निघायचं. मातासभेची नोटीस काढून बोलावलेल्या बाया यातलं काहीच बोलत नाहीत.

वजनाच्या दिवशी ओवरीच्या तुळईला सॉल्टर काटा टांगायचा. लेकराला चड्डीसारख्या झोळीत घालून आकड्याला अडकवलं की ते हातपाय झाडून असा आकांत करायचं की काट्याची सुई थांबायलाच तयार नाही. आईने खालून पायाला हात लावायचा नाही, लावला तर वजन चुकतं. क्षणभर लेकरू श्वास घ्यायला थांबलं की तेवढ्यात आकडा वाचायचा, वृद्धिपत्रकावर टिंब द्यायचं आणि मागच्या महिन्याच्या टिंबाला रेघ जोडायची. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही रेघ खाली आलेली कळायची. "ताई, ही खाली का गेली?" हा प्रश्न आईने स्वतः विचारला की माझं निम्मं काम झालेलं असायचं.

30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, माणसं दमून माळवदाखाली झोपली होती. पहाटे चारच्या आत भूकंप झाला आणि किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं दगडमातीच्या त्या रुंद भिंतींखाली गेली. लातूर आणि उस्मानाबाद मिळून सुमारे 8,000 माणसं गेली. माझ्या हजेरीतली काही नावं मी पुन्हा पुकारली नाहीत. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये अंगणवाडी भरली, तेव्हा लेकरांपेक्षा आयाच जास्त वेळ बसायच्या. कुणी कुणाला उठवत नव्हतं.

52 गावं नव्या जागी वसली. जमिनीच्या मानाने घरं मिळाली, 250, 400 नाहीतर 750 चौरस फुटांची, आणि मापाप्रमाणे ओळी पडल्या. जुन्या गल्लीतली शेजारीण तिसऱ्या ओळीत गेली. रस्ते गाडी जाईल असे रुंद झाले. आमच्या अंगणवाडीला पक्की इमारत मिळाली, शाळेजवळ, मोकळ्यावर. मी तिची पूजा केली, आनंदाने केली. पण शेताची वाट आता दुसरीकडून जाऊ लागली. तीन ते सहा वर्षांची मुलं शाळेसारखी येत राहिली. तान्ह्यांच्या आया येईनाशा झाल्या. योजना सहा वर्षांखालच्या सगळ्या लेकरांची आणि गरोदर, स्तनदा बायांचीही आहे. जागा दूर गेली आणि योजनेची एक बाजू लुळी पडली. पुढे मीच घरोघरी फिरायला लागले. भेट व्हायची, पण सासूसमोर.

जी गावं जागेवरच दुरुस्त झाली, तिथे महिला मंडळांना संवाद सहाय्यक नेमलं होतं. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने ते काम चालवलं. घराची भिंत कशी बांधायची यावर बोलायला जमलेल्या बाया पुढे बचतीवर आणि लेकरांच्या आजारपणावर बोलू लागल्या. हे बघून माझं मत पक्कं झालं की आयांना जमायला जागा आणि काही कारण लागतं, सल्ला त्यानंतर.

जागेचा तोच प्रश्न आता ऊसतोडीत आहे. कळंब, वाशी, भूम, परंडा भागातून दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, लेकरं बरोबर. लेकरांची नोंद मोबाईलवर बदलून पलीकडच्या जिल्ह्यात पाठवता येते. पण टोळ्यांच्या कोप्या फडाजवळ असतात आणि तिथली अंगणवाडी गावात. पहाटे कोयता घेऊन निघालेली बाई लेकरू कोस-दीड कोस नेऊन सोडणार कशी? हंगामापुरती तरी एक सेविका कोप्यांपाशी, गाड्या भरतात त्या वाटेवर बसवली पाहिजे, तिच्याबरोबर काटा आणि शिजवायला मदतनीस दिली पाहिजे. आणि त्या कामाचं मानधन वेगळं मिळालं पाहिजे. 4 डिसेंबर 2023 पासून राज्यभरातल्या सेविका संपावर बसल्या होत्या त्या मानधनवाढीसाठी आणि पेन्शन, ग्रॅच्युइटीसाठीच.