आईला परत टेबलाशी बसवेपर्यंत

१७ मार्च १८८८च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लंडनचे डॉक्टर सर विल्यम गल यांनी चौदा वर्षांच्या एका मुलीची हकीकत छापली. नावाच्या जागी फक्त के. आर. ही अक्षरं. १८८७ उजाडलं तेव्हा अंगानं भरलेली, निरोगी मुलगी. फेब्रुवारीत काही कारण दिसत नसताना तिचं अन्नावरचं मन उडालं. पुढे अर्धा कप चहा किंवा कॉफी, एवढ्यावर आली. २० एप्रिलला ती गल यांच्या घरी आली ती रस्त्यानं पायी चालत. येणारेजाणारे तिच्याकडे बघत होते. हातपाय गार आणि निळे, नाडी मिनिटाला ४६. आणि तिचं म्हणणं, मी अगदी ठणठणीत आहे. गल यांनी तिचं वजनही लिहून ठेवलं आहे. तो आकडा मी मुद्दाम देत नाही. न खाण्याच्या या आजारातल्या मुली असे आकडे शोधतात आणि त्यांच्याशी स्पर्धा लावतात.

मिरजेला नर्सिंग शिकून मी लंडनला आले आणि नोकरीची बरीचशी वर्षं याच आजारातल्या किशोरवयीन मुलांच्या वॉर्डात काढली. म्हणून मला या हकिकतीतला पुढचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. गल यांनी गायज हॉस्पिटलमधून एक नर्स मागवली आणि दर काही तासांनी हलकं अन्न द्यायला सांगितलं. उपचाराची नोंद एवढीच. २७ जुलैला मुलीच्या आईचं पत्र आलं: मुलगी जवळजवळ बरी झाली, खाण्याची आता कटकट नाही, नर्सला जाऊन तीन आठवडे झाले. म्हणजे शेवटचे तीन आठवडे नर्सविना, घरच्यांनीच निभावले होते. गल यांनी हे पत्र छापलं, पण त्यातून जे दिसतं त्यावर एक शब्द लिहिला नाही.

लिहिणार कसे? घरच्यांविषयी त्यांचं मत आधीच ठरलं होतं. २४ ऑक्टोबर १८७३ला लंडनच्या क्लिनिकल सोसायटीपुढे त्यांनी या आजारावरचा निबंध वाचला आणि त्याला अनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव दिलं. रुग्णाची इच्छा विचारत बसू नका, ठरलेल्या वेळी खाऊ घाला, हे त्यांचं सांगणं आजही खरं आहे. पण त्याच दमात त्यांनी असंही सांगितलं की अशा रुग्णाजवळ बसायला नातेवाईक आणि स्नेही सर्वांत वाईट. राणीच्या घराण्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरचा शब्द होता तो. आयांना त्यानं पुढची शंभर वर्षं दाराबाहेर उभं केलं.

आजार ओळखण्यात मात्र गल यांची नजर फार बारीक होती. त्या काळी तरुण मुलगी खंगू लागली की क्षय, हे ठरलेलंच. रिचर्ड मॉर्टन या इंग्रज डॉक्टरनं १६८९ साली क्षयावरच्याच ग्रंथात अशा दोन रुग्णांची नोंद केली होती: अठराव्या वर्षातली एक मुलगी, जी वाचली नाही, आणि सोळा वर्षांचा एक मुलगा, जो बराच सावरला. गल यांच्याकडे १८६८ साली आलेली मिस बी हीसुद्धा छातीत दबलेला क्षय असेल, या संशयावरून पाठवलेली. त्यांनी छाती तपासली, काही सापडलं नाही. मग त्यांना तिची हालचाल दिसली. एवढी अशक्त मुलगी, पण स्वस्थ म्हणून बसत नव्हती. क्षयाचा रोगी असा वागत नाही. वॉर्डात नवीन मुलगी आली की मीसुद्धा आधी हेच पाहायची. अंगात त्राण नाही, तरी खुर्ची दिली तर बसायची नाही.

त्याच १८७३च्या एप्रिलमध्ये पॅरिसचे डॉक्टर शार्ल लासेग यांनी स्वतंत्रपणे हाच आजार मांडला होता. मला गल यांच्यापेक्षा लासेग जवळचे वाटतात, कारण त्यांनी जेवणाचं टेबल नीट पाहिलं. घरच्यांच्या हाती दोनच उपाय असतात, विनवणी आणि धमकी, आणि दोन्ही वाया जातात, असं त्यांनी लिहिलं. आजही घराघरांत हेच चालतं. ‘माझ्यासाठी एक घास’ म्हणणारी आई आणि ‘मोबाइल काढून घेईन’ म्हणणारे बाबा, दोघं मी एकाच सोफ्यावर बसलेले पाहिले आहेत.

पुढे पॅरिसचेच डॉक्टर शार्को यांनी रुग्णाला घरच्यांपासून वेगळं ठेवण्यालाच उपचार मानलं. अँगुलेमहून आलेल्या एका मुलीच्या आईवडिलांना त्यांनी पॅरिस सोडून जायला लावलं. ते गेले आणि ती खाऊ लागली. आईवडील होते तोवर डॉक्टरांचंच चालणार यावर आपला विश्वास नव्हता, असं तिनं नंतर सांगितलं. यावरून निष्कर्ष निघाला तो आईवडीलच नकोत, हा. आईवडिलांच्याच शब्दाला असं वजन आलं तर काय होईल, हे कोणी विचारलं नाही.

१९१४मध्ये हॅम्बुर्गचे डॉक्टर सिमंड्स यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या नाशामुळे खंगण्याचा आजार दाखवला आणि हा तोच आजार समजून बराच काळ कृश मुलींना ग्रंथीचा अर्क टोचला जात राहिला. तो काळ वायाच गेला.

उपयोगाचं ज्ञान अनपेक्षित ठिकाणाहून आलं. १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी, युद्धात लढायला नकार दिलेल्या ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. हे तरुण पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले, ताटं चाटू लागले, चिडचिडे झाले, माणसांत मिसळेनात. ज्या गोष्टींना मुलीचा हट्टी स्वभाव किंवा घरचं वळण म्हणत होते, त्यातल्या कितीतरी नुसत्या उपासमारीच्या होत्या. आधी पोटात अन्न, मग मनाची चर्चा, हा आमच्या वॉर्डाचा क्रम इथूनच पक्का झाला.

तरी आईवरचा ठपका निघाला नाही. १९७०च्या दशकात घराची वीणच बिघडलेली असते म्हणून मूल आजारी पडतं, असं नामवंत सांगत होते. मग १९८७ साली लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमधून जेरल्ड रसेल, झ्मुक्लर, डेअर आणि आयझ्लर यांचा अभ्यास आला. इस्पितळात वजन भरून आलेले ८० रुग्ण. काहींना वर्षभर एकट्याशी बोलणारा उपचार, काहींना कुटुंबासह. आजार अठराव्या वर्षापर्यंत सुरू झालेला आणि तीन वर्षांच्या आतला असेल, तर कुटुंबासहचा उपचार सरस ठरला. उपचारानंतर पाच वर्षांनी केलेल्या, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही तो फरक टिकून होता. या उपचारात आजाराचं कारण शोधत बसायचं नाही, दोषी कोणी नाही, आणि मुलाला खाऊ घालण्याची सूत्रं आईवडिलांच्या हाती. दुसऱ्या भेटीला घरूनच डबा आणायला सांगतात. सगळे जेवायला बसतात, मूल नाही म्हणतं, आणि आईवडिलांनी न ओरडता, न रडता, आणखी एक घास खायला लावायचा. मी अशा डब्यांत पास्ता पाहिला, पश्चिम आफ्रिकेचा जोलोफ भात पाहिला, एकदा थालीपीठ आणि लोणीही.

१९९५ साली दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी पाच तरुणींच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, म्हणजे आपल्याकडेही हे आहे. पण हा आजार इथे ओळखू येणं कठीण, कारण संकष्टीला सोमवार जोडला, सोमवाराला गुरुवार जोडला, की घर कौतुक करतं. पाळी थांबली तर अभ्यासाचा ताण म्हणतं. मुलगा असेल तर संशयही येत नाही. २०१३पर्यंत निदानाच्या अमेरिकी निकषांतच पाळी बंद होण्याची अट होती; ती मुलींपुरतीच, तरी डोळ्यांपुढे मुलगीच उभी राहणार. मॉर्टनच्या दोन रुग्णांपैकी एक मात्र सोळा वर्षांचा मुलगा होता.

सोलापूर, नाशिकहून ओळखीतल्या आयांचे फोन येतात तेव्हा मी आधी विचारते: उभं राहिल्यावर चक्कर येते का, नाडी मोजली का, गेल्या तीन महिन्यांत ताटातून काय काय गेलं? आणि घरीच एकदम भरपूर खाऊ घालू नका म्हणते. फार दिवसांच्या उपासानंतर अन्न वाढवताना रक्तातलं फॉस्फेट घसरून हृदय धोक्यात येतं; म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीत, रक्त तपासत. त्यापुढचं काम घरचं. आपल्या घरात ताटावर शब्द चालतो तो पुष्कळदा आजीचा, म्हणून डॉक्टरकडे जाताना आजींनाही बरोबर न्या, असं सांगते. आई आणि आजी दोन वेगळी उत्तरं देत असतील तर मूल त्या दोघींच्या मधून निसटतं, तेव्हा दोघींनी काय बोलायचं ते जेवणाआधी ठरवून घ्यावं.