संशय आणि साक्ष



याच शाळेत इतिहास शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, “सर, माणूस चंद्रावर खरेच उतरला का? तिथे वारा नाही, मग ध्वज फडकला कसा?” मी त्याला दटावून खाली बसविले. त्याची खंत मला आजही आहे. कारण संशय हा इतिहासाचा शत्रू नव्हे, ते त्याचे पहिले साधन होय. ते राहिलेले उत्तर आज देतो.

२० जुलै १९६९ रोजी आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले. आपल्याकडे तेव्हा २१ तारीख सुरू झाली होती. १९७६ साली अमेरिकेतच बिल केसिंग यांनी पुस्तक लिहून हा सारा बनाव असल्याचा आरोप केला. व्हिएतनामचे युद्ध आणि वॉटरगेट प्रकरण यांमुळे लोकांचा सरकारवरील विश्वास उडाला होता. अशा भूमीत संशय रुजला, यात नवल नाही.

ध्वजाचे उत्तर सोपे आहे. त्याच्या वरच्या कडेला आडवी दांडी होती. जे फडकणे वाटते, त्या घडीच्या चुण्या होत.

परंतु इतिहासकार याहून मोठा प्रश्न विचारतो: बनाव उघडकीस आला असता तर लाभ कोणाचा होता? सोव्हिएत रशियाचा! त्याचे लूना-१५ हे यान त्याच दिवसांत चंद्राभोवती फिरत होते. तरीही रशियाने हे अवतरण नाकारले नाही. उलट १९७१ साली दोन्ही राष्ट्रांनी आपापल्या चांद्रमातीचे नमुने एकमेकांना दिले. प्रतिस्पर्ध्याची अशी कबुली ही फार मोलाची साक्ष असते.

सहा अवतरणांतून सुमारे ३८२ किलो दगडमाती पृथ्वीवर आली. तिचे काही नमुने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अभ्यासले गेले. देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कणांत वैश्विक किरणांनी कोरलेल्या सूक्ष्म रेषा तपासल्या. वातावरणाच्या पांघरुणाखालील आपल्या दगडांवर त्या किरणांना अशी अक्षरे लिहिता येत नाहीत.

विद्यार्थिमित्रहो, शंका अवश्य घ्या. मात्र जो पुरावा घटनेकडे मागता, तोच शंकेकडेही मागा. आणि गुरुजनहो, विचारणाऱ्याला खाली बसवू नका. त्या दिवशी माझ्या वर्गात इतिहासाचा खरा अभ्यासक तोच एक उभा होता.