ऊर्ध्व पचनमार्गातील रक्तस्राव : विरळ वाहिनीजन्य कारणे

अन्ननलिका, जठर किंवा आद्यांत्र यांतून होणारा रक्तस्राव. रक्ताची उलटी होते किंवा शौचाला काळी, चिकट होते. बहुतेकदा मूळ अल्सरमध्ये किंवा यकृताच्या आजाराने अन्ननलिकेत फुगलेल्या नीलांमध्ये सापडते. ही दोन्ही नसतील, तर रक्तवाहिन्यांचे पुढील विकार तपासावे लागतात.

द्यूलाफ्वा विकृती : फ्रेंच वैद्य पॉल जॉर्ज द्यूलाफ्वा यांनी १८९८ मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले. जठराच्या अस्तराकडे येताना रोहिणी बारीक होत जाते. या विकृतीत ती १ ते ३ मिमी. जाडच राहते आणि अस्तराला पडलेल्या सूक्ष्म छिद्रातून भळभळू लागते. जागा बहुधा अन्ननलिका-जठराच्या सांध्यापासून ६ सेंमी.च्या आत असते. रक्त थांबले की ती दिसेनाशी होते, म्हणून पहिल्या दुर्बीण तपासणीत काहीच न सापडणे हे नवल नव्हे. सापडल्यास क्लिप किंवा रबरी बँड लावतात.

कलिंगडी जठर : जठराच्या खालच्या भागात लाल पट्टे उमटतात. रक्त थेंबाथेंबाने जाते, त्यामुळे वयस्क स्त्रीचा रक्तक्षय वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्यांवरच रेटला जातो. उपचार आर्गॉन वायूच्या साहाय्याने डाग देण्याचा.

स्वादुपिंडाच्या जुनाट सुजेने प्लीहेच्या रोहिणीला फुगा येऊन रक्त स्वादुपिंडनलिकेतून आतड्यात उतरते. ते अधूनमधून येत असल्याने चकवते. पित्तनलिकेत रक्त उतरल्यास पोटदुखी, कावीळ आणि रक्तस्राव ही तिन्ही लक्षणे दिसू शकतात. अशा वेळी सीटी अँजिओग्राफीने जागा शोधून वाहिनीत कॉइल बसवतात.

सर्वांत घातक म्हणजे महारोहिणी व आद्यांत्र यांच्यात पडलेली वाट. महारोहिणीवर कृत्रिम नळी बसवलेल्या रुग्णाला आधी थोडे रक्त पडते, मग काही तासांत किंवा दिवसांत धो धो.

दूरच्या गावातील रुग्णापुढे अंतराचाही प्रश्न असतो. उदाहरणार्थ, इंदापूर तालुक्यातील नीरा-भीमा संगमावरचे नरसिंहपूर पुणे शहरापासून दीडशे किलोमीटरहून दूर आहे. त्या मानाने जवळची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये बारामती आणि सोलापूर येथे आहेत. कॉइल बसवण्याची सोय मात्र प्रत्येक रुग्णालयात नसते. म्हणून आधी शिरेतून सलाइन व गरजेप्रमाणे रक्त देऊन रुग्ण सावरणे, मग पुढे हलवणे हा क्रम. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. पण चक्कर, घाम किंवा रक्ताची उलटी असेल तर वाट न पाहता १०८ वर फोन करावा आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास तसे डॉक्टरांना सांगावे.