श्वानाचा घास

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास आमच्या घरी एक पोते आले. पोत्यावर सोनेरी केसांच्या विलायती कुत्र्याचे चित्र होते आणि आत तपकिरी रंगाच्या टणक गोळ्या. सूनबाईने ते आमच्या मोत्यासाठी आणले होते. मोत्या नऊ वर्षांचा आहे. त्याच्या कुळाचा थांग कुणालाच नाही, पण आमच्या कुळात तो आता पुरता मुरला आहे. सौ.ने पोत्याकडे पाहिले आणि म्हणाली, "या घरातली कुत्री आजवर दूध-पोळीवर वाढली. आता कुत्र्याचे जेवणही दुकानातून आणायचे का?" सूनबाई शांतपणे म्हणाली, "आई, पोळीने त्याचे पोट भरते, पण ते अंगी लागत नाही. डॉक्टरांनीच सांगितले आहे." मग दोघींनीही माझ्याकडे पाहिले.

माझी सारी नोकरी राज्य सरकारच्या पुरवठा खात्यात झाली. कुणाला किती गहू आणि किती तांदूळ, याचे निवाडे मी आयुष्यभर केले. परंतु शिधापत्रिकेवर कुत्र्याचे नाव कधीच नसे. तेव्हा जुन्या सवयीप्रमाणे मी निवाडा पुढे ढकलला आणि पुस्तके काढून बसलो. जे हाती लागले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते; कारण हा प्रश्न आज पुष्कळ घरांत उभा आहे, आणि तो वाटतो तितका नवाही नाही.

माणूस आणि कुत्रा यांची सोबत किमान चौदा हजार वर्षांची आहे. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे दोन माणसांबरोबर पुरलेल्या एका लहान कुत्र्याचे अवशेष सापडले. त्याच्या दातांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ते पिलू गंभीर आजारातून गेले होते आणि माणसाने शुश्रूषा केल्याशिवाय इतके दिवस जगले नसते, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. शिकारीला निरुपयोगी अशा त्या आजारी पिलाला कुणीतरी घास भरवत होते.

आपल्याकडे हा विषय थेट ऋग्वेदापर्यंत जातो. पणींनी लपवलेल्या गायींचा शोध घेणारी सरमा ही इंद्राची कुत्री. पहिल्या मंडलातील एका ऋचेत सरमेने आपल्या संततीसाठी अन्न मिळवल्याचा उल्लेख आहे. त्यावर भाष्य करताना सायणाचार्य कथा सांगतात, ती अशी की, माझ्या पिलाला या गायींचे दूध मिळणार असेल तरच मी जाईन, अशी अट सरमेने घातली आणि इंद्राने ती मान्य केली. कुत्र्याच्या आहाराचा याहून जुना करार माझ्या वाचनात नाही. कुत्र्याला संस्कृतात 'सारमेय' म्हणतात तो याच सरमेवरून. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त 'सारमेयविनोद' असे एक प्रकरणच आहे. हा ग्रंथ आपल्या बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२५ पासून तीन खंडांत प्रसिद्ध झाला, हे येथील मंडळींना आवर्जून सांगावेसे वाटते.

परंतु राजाच्या शिकारी कुत्र्यापेक्षा मला मेंढपाळाचा कुत्रा अधिक जवळचा वाटतो. रोमन पंडित वॅरो याने इ. स. पू. ३७ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, शेतीवर ग्रंथ लिहिला. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांना काय घालावे हे त्यात नीट दिले आहे: दुधात भिजवलेली जवाची भाकरी, हाडांचे कढण आणि कुटलेली हाडे. मेलेल्या मेंढीचे मांस मात्र त्यांना खाऊ देऊ नये, कारण एकदा ती चव लागली की राखणदारच भक्षक होईल. हे वाचताना डोळ्यांपुढे आमच्या धनगरांचे वाडे उभे राहिले. तेथेही ज्वारी-बाजरीची भाकरी ताकात किंवा दुधात कुस्करून कुत्र्यापुढे ठेवत. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाचे नाव ज्या चपळ शिकारी कुत्र्यांना मिळाले, त्यांनाही त्या भागातले शेतकरी ज्वारीची भाकरी आणि दूधच घालत आले. जव गेले आणि ज्वारी आली, एवढाच काय तो फरक. ज्या घरात जे पिकले, तेच घरच्या कुत्र्याने खाल्ले.

मग प्रश्न असा, की हा त्याच्या निसर्गाविरुद्ध झालेला जुलूम होता काय? कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला धान्य वर्ज्य, असे हल्ली पुष्कळ जण ठासून सांगतात. यावर स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांचे २०१३ साली प्रसिद्ध झालेले काम महत्त्वाचे आहे. पिष्टमय पदार्थ पचवणारे विकर ज्या जनुकामुळे तयार होते, त्याच्या लांडग्यात साधारणतः दोनच प्रती असतात; कुत्र्यात मात्र त्या कितीतरी पट अधिक आढळल्या. शेती करणाऱ्या माणसाच्या दाराशी राहता राहता कुत्र्याचे पोटही शेतकऱ्याचे झाले. आपल्या भाकरीने त्याच्या देहावर उमटवलेली ही मोहोर आहे. सौ.ला मी हे वाचून दाखवले, तेव्हा तिने सूनबाईकडे विजयी मुद्रेने पाहिले. परंतु पुढची पाने अजून उलटायची होती.

कुत्र्यासाठी वेगळे अन्न विकत आणण्याची रूढी जेमतेम १६० वर्षांची आहे. त्याआधी इंग्लंडमध्येही कुत्रा घरचेच खाई. आणि ते काहींच्या डोळ्यांवरही येई. १७९५-९६ च्या धान्यटंचाईत तेथील पार्लमेंटात जॉन डेंट नावाच्या सभासदाने कुत्र्यांवर कर बसवण्याचा आग्रह धरला. गरिबांच्या तोंडचा घास कुत्री खातात, हा त्या बाजूचा एक प्रमुख मुद्दा होता. कर बसला आणि लोकांनी त्या गृहस्थाचे नाव 'डॉग डेंट' ठेवले. टंचाईच्या काळात वाटपाचे काम केलेल्या माणसाला हा वाद परका वाटत नाही.

पुढे १८६० च्या सुमारास अमेरिकेतील सिनसिनाटी शहराचा जेम्स स्प्रॅट लंडनला आला. तो विकत होता इमारतींवर बसवायचे वीजवाहक गज. बंदरावर खलाशांच्या शिध्यातली टणक बिस्किटे कुत्री चघळताना त्याने पाहिली आणि त्याच्या डोक्यात वेगळीच वीज चमकली. गव्हाचे पीठ, बीट, भाज्या आणि वाळवलेले मांस यांची त्याने कुत्र्यांसाठी बिस्किटे केली. हे मांस अमेरिकेच्या कुरणांतले, एवढेच तो सांगे. नेमके कुठले, हे त्याने कधी उघड केले नाही. ती बिस्किटे घेणारे गिऱ्हाईक होते शिकारीची आणि शोभेची कुत्री पाळणारे श्रीमंत. त्याच्याकडे नोकरीस लागलेला चार्ल्स क्रफ्ट हा तरुण पुढे श्वानप्रदर्शने भरवू लागला. १८९१ साली लंडनमध्ये त्याच्या नावाने भरलेले प्रदर्शन आजही जगप्रसिद्ध आहे. श्वानांची प्रदर्शने आणि श्वानांचा खाऊ ही एकाच दुकानातली भावंडे आहेत, हे ध्यानात ठेवावे.

पहिल्या महायुद्धानंतर मोटारी आणि ट्रॅक्टर आले आणि अमेरिकेत घोडे निकामी झाले. १९२२ च्या सुमारास इलिनॉय राज्यात घोड्याचे मांस डब्यात भरून कुत्र्यांसाठी विकणे सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याच्या डब्यांवर नियंत्रण आले, तेव्हा कारखानदार कोरड्या खाद्याकडे वळले. १९५० च्या दशकात न्याहारीचे धान्यपदार्थ फुगवण्याची यंत्रे या कामी लावली गेली. पीठ, मांसाचा चुरा आणि पाणी यांचा लगदा वाफेने व दाबाने शिजवायचा, बारीक छिद्रांतून बाहेर ढकलायचा, तो फुगला की वाळवायचा आणि वरून चरबी फवारायची. अशा गोळ्या १९५७ साली अमेरिकेच्या बाजारात आल्या. आमच्या घरी आलेले पोते हे त्यांचेच वंशज. त्याच्या जन्माला बंदरावरचे बिस्कीट, निकामी झालेले घोडे, युद्धातला पत्रा आणि न्याहारीचे यंत्र कारणीभूत झाले. कुत्र्याला काय हवे, हा प्रश्न या साऱ्यात बराच उशिरा विचारला गेला.

पण तो विचारला गेला, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पिलांना नुसते मांस घातले तर चुना कमी पडून हाडे ठिसूळ होतात; नुसती दूध-पोळी घातली तर प्रथिने आणि कित्येक क्षार अपुरे पडतात. असे एकेक करून ज्ञान जमत गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००६ साली कुत्री आणि मांजरे यांच्या पोषणाच्या गरजांचा ग्रंथच काढला. चांगल्या कारखान्यातले संतुलित खाद्य या हिशेबावर उभे असते आणि आपल्या स्वयंपाकघरातली वाटी त्यापुढे पुष्कळदा उणी ठरते. सूनबाईचे म्हणणे या अर्थाने खरे होते.

तरीही पोत्यावर डोळे मिटून विश्वास टाकावा, असाही इतिहास नाही. २००७ साली अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर कुत्र्या-मांजरांचे खाद्य बाजारातून परत घ्यावे लागले, कारण चीनहून आलेल्या गव्हाच्या प्रथिनांत मेलामाइन हे रसायन मिसळलेले होते. त्यात नत्र भरपूर असल्याने तपासणीत प्रथिने अधिक दिसतात. जनावरांची मूत्रपिंडे त्याने निकामी झाली. भेसळीच्या तऱ्हा मी नोकरीत पुष्कळ पाहिल्या, पण तपासणीलाच फसवणारी ही तऱ्हा वाचून चकित झालो. पुढे २०१८ साली तेथील अन्न व औषध प्रशासनाने धान्यविरहित खाद्य आणि कुत्र्यांचा एक हृदयविकार यांच्या संभाव्य संबंधाची चौकशी जाहीर केली. संबंध पक्का सिद्ध झाला नाही. परंतु 'धान्य नाही' ही पाटी म्हणजे आरोग्याची हमी नव्हे, एवढा बोध त्यातून घेता येतो.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. पस्तीसएक वर्षांपूर्वी माझी नेमणूक पंचमहाल जिल्ह्यात होती. तेथे आमच्याकडे वाघ्या नावाचा कुत्रा होता. आमचे जेवण आटोपले की उरलेसुरले सारे त्याच्या थाळीत पडे: आमटी-भात, रस्सा, कांद्याची भजी, कांद्याची पीठपेरणी. तो आवडीने खाई आणि आम्हाला त्याचे कौतुक वाटे. एका पावसाळ्यात तो मलूल झाला. हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली. गुरांच्या डॉक्टरांनी तपासले आणि पहिलाच प्रश्न केला, "साहेब, याला खायला काय घालता?" मी अभिमानाने सांगितले, "आम्ही खातो तेच." कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हे मला त्या दिवशी कळले. वाघ्याला कळण्याची सोय नव्हती. आमच्या हातून येईल ते त्याला प्रसादासारखे. चौथ्या दिवशी तो गेला.

आज ही यादी बरीच मोठी झाली आहे. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे आणि बेदाणे ही सारी कुत्र्याला विषारी आहेत. म्हणजे सत्यनारायणाचा शिराही त्याला बेदाणे घालून देता येत नाही. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल हे त्याचे कारण असावे, असे अमेरिकेतील पशुवैद्यांनी २०२१ साली सुचवले. ते आम्ल चिंचेतही भरपूर असते, तेव्हा आपली चिंच-गुळाची आमटीही त्याच्यापासून दूर ठेवलेली बरी. खाल्ल्या मिठाला जागणारा म्हणून आपण कुत्र्याची थोरवी गातो. पण आपल्या पानातले मीठ-मसाला त्याला मानवत नाही.

वाघ्याची आठवण मनात असतानाच मला आमच्या आजोबांचा वैश्वदेव आठवला. त्या विधीत यमाच्या घरचे श्याम आणि शबल हे दोन श्वान, कावळे, कृमिकीटक अशा सर्वांचे भाग काढले जातात. लहानपणी मला तो केवळ मंत्रांचा पसारा वाटे. आता त्यातल्या दोन गोष्टी लक्षात येतात. एक, आहुतीच्या अन्नात क्षार आणि लवण वर्ज्य. दुसरी, कुत्र्याचा भाग घरच्यांची पाने वाढण्याआधी काढायचा. तो भाग होता, उष्टे नव्हते. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा आपण मुलांना सांगतो, तीतही कुत्र्याला कोरडे आणि उरलेले मिळू नये हीच कळकळ आहे. पुढे केव्हातरी वैश्वदेव सुटला आणि पहिला भाग शेवटचे खरकटे झाला. वाघ्याच्या थाळीत मी माझी परंपरा वाढत नव्हतो. तिचा विसर वाढत होतो.

अखेर निवाडा दिला तो असा. पोत्यावरील घटकांची यादी आणि तारीख वाचायची. डॉक्टरांनी मोत्याच्या वजनाला आणि वयाला ठरवून दिलेले माप सकाळ-संध्याकाळ मोजून घालायचे. पोळीच्या मायेने ते वाढवायचे नाही. आणि दुपारी, फोडणी पडण्याआधी, मीठ घालण्याआधी, घरच्या स्वयंपाकातला एक लहानसा भाग त्याच्यासाठी बाजूला काढायचा: चतकोर भाकरी, उकडलेला भोपळा किंवा थोडे साधे वरण. डॉक्टरांनी त्याला हरकत घेतली नाही.

सूनबाई माप भरते आणि सौ. भाग काढते. पहिल्या आठवड्यात दोघी एकमेकींच्या वाट्यावर नजर ठेवून होत्या; आता सौ. गावाला गेली की भाग काढायचे काम सूनबाई न चुकता करते. दुपारी बाराच्या सुमारास, कुकरची शिटी झाली की मोत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसतो. आमची पाने अजून मांडायची असतात. त्याचा घास आधी जातो.